मूळ रंग

१

शिरूरला, पुणे-नगर रस्त्याच्या कडेला हौशीरामचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पुढं चिंचेचं झाड, आणि शेडच्या पाठीला पाठ लावून त्याचं दोन खोल्यांचं घर. बाजाराला येणारे ट्रकवाले, एसटीचे डायव्हर, जीपमधनं हिंडणारे पुढारी, सगळे त्याला ओळखत. माणसाच्या हाताला गुण होता.

दिवस कलला की तो मागच्या दारी येऊन उकिडवा बसे आणि दोन्ही हात पुढं धरी. त्याची बायको धुरपदा आधी घासलेटचा बोळा देई, मग चुलीतली राख, मग तांब्यानं पाणी घाली. काळंशार पाणी अळवाच्या वाफ्याकडं वाहत जाई. लग्न होऊन आल्यापासून हे असंच चालत आलेलं. पाण्यावरनं तिला कळे, आज काय काम झालं ते. गिअरबॉक्स उघडलेला असला तर पाणी दाट, बुळबुळीत येई. नुसती बॅटरी बघितली असली तर फिकं. दोघांना पोरबाळ नव्हतं. दिवसाकाठी निवांत चार शब्द बोलायची ती याच वेळेला.

त्या दिवशी तिनं पाणी घातलं, आणि ते जसं तांब्यात होतं तसंच नितळ खाली पडलं.

"आज काम न्हाई केलं व्हय?" तिनं विचारलं.

"दिवसभर इंजिनात हात हुता की माझा," हौशीराम म्हणाला.

तिनं त्याचा हात धरून उलटासुलटा केला. नखांच्या कडेला वर्षानुवर्षं बसलेली काळी रेघ, जी लग्नाच्या हळदीतही निघाली नव्हती, ती गेली होती. बोटं पूजा करून उठलेल्या माणसासारखी स्वच्छ होती. आणि मऊ.

"नवा साबण आणला का काय?" ती हसून म्हणाली.

हौशीराम हसला नाही. त्यानं हात काढून घेतला.

२

गाडी आली होती दसऱ्याच्या आत. दौंडकडचे सोपानराव म्हणून बडे बागायतदार होते, त्यांची ती. मूळची एका रेल्वेच्या गोऱ्या साहेबाची. साहेब विलायतेला निघून गेला तेव्हा सोपानरावांनी घेतली आणि हौस फिटल्यावर गोठ्याशेजारी उभी करून ठेवली. दहाएक वर्षं कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. आता उन्हाळ्यात त्यांच्या भागात सहकारी कारखान्याची पायाभरणी व्हायची होती आणि मंत्री रेल्वेनं दौंडला उतरणार होते. स्टेशनापासून मांडवापर्यंत त्यांना याच गाडीतनं न्यायचं, असं सोपानरावांनी मनाशी धरलं होतं.

"हौशीराम, नुसती चालून उपेग न्हाई," ते शेडमध्ये खुर्ची टाकून म्हणाले होते. "कुणी बॉनेट उघडलं तर इंजिन मूळ रंगात दिसलं पायजे. साहेबाच्या वक्ताला हुतं तसं. हे जमव, मग कारखान्याचे समदे ट्रक तुझ्याच दारात."

दोन दुखणी होती. पहिलं रंगाचं. इंजिनावर कुणीतरी चंदेरी रंग फासला होता. तो खरवडल्यावर खालून एक हिरवा निघाला. शेवाळी म्हणावा तर तसा नाही, बाभळीच्या कोवळ्या शेंगेसारखा, किंचित राखाडी. हौशीरामनं पुण्याहून डबे आणून तो रंग कालवला, अगदी तंतोतंत जमवला, पण लावला की दोन दिवसांत कातीसारखा सुटून खाली पडे.

दुसरं दुखणं तेलाचं. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट असतात, ओळीनं खालवर होणारे लोखंडी दांडे. खालचं तेल बारीक नळीतून वर चढतं आणि त्यांना भिजवतं. इथं तेल वर चढतच नव्हतं. काटा दाब दाखवी, पंप नवा, नळी फुंकून साफ केलेली, तरी वरचं अंग कोरडं ठाक. टॅपेट असे वाजत की जेवताना धुरपदाच्या ताटाखालची फरशी थरथरे.

शेवटी तो दौंडला गेला. साहेबाच्या वेळी ही गाडी तिथला शेखलाल फिटर सांभाळत होता, असं त्याला समजलं होतं. संध्याकाळी परतला. जेवण झाल्यावर म्हणाला, "धुरपे, तुझं एखादं जुनं लुगडं दे मला."

"पुसायला? तुमचं धोतर हाय की फाटकं."

"धोतर नको. लुगडंच पायजे. तुझ्या अंगावरचं, नेसून मऊ झालेलं."

धुरपदाला त्यात वावगं काय वाटायचं? नवऱ्यानं चिंधी मागितली. तिनं खणातनं एक हिरवं, विटलेलं लुगडं काढून दिलं. त्यानं ते लगेच घेतलं नाही. थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तू आपखुशीनं देतीस न्हवं?"

"घ्या की वो! जरीचा शालू मागितल्यागत काय बोलता?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून टॅपेट वाजायचे थांबले. लावलेला रंग पुन्हा कधी सुटला नाही. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी हौशीराम हात धुवायला आला, तेव्हा पाणी नितळ पडलं.

३

दिवाळी झाली, थंडी पडली. धुरपदाच्या टाचांना भेगा गेल्या. थंडीत कुणाच्या जात नाहीत? तिनं मेण आणि तेल कढवून भरलं. सकाळी भेगा होत्या तशाच, आणि तेल कुठं गेलं ते कळेना. अंथरुणालाही डाग नव्हता.

मग केस. वेणी घालताना ती करडईचं तेल हातावर घेई, डोक्यावर थापी, आणि हात खाली येईपर्यंत केस पुन्हा वाळक्या गवतासारखे. बाटली संपत आली, एक केस काही चमकला नाही.

आडावर रहाट होता. बाकीच्या बाया पाणी शेंदत तेव्हा तो गुपचूप फिरे. धुरपदानं दोराला हात घातला की किंचाळे. बाया हसत. "रहाटाचं तुझ्याशी वैर हाय बग." तीही हसे. घराच्या दाराचं तेच. हौशीराम आला-गेला तर आवाज नाही, तिनं ढकललं की बिजागऱ्या करकरत. भाकरीचं पीठ तिच्या हाताखाली तडकू लागलं, कितीही पाणी घातलं तरी.

ती स्वतःची समजूत घाली. थंडी यंदा जास्त आहे. करडई भेसळीची आहे. दार जुनं आहे. एकेका गोष्टीला एकेक कारण होतंच. पण दुपारी घरात एकटी बसलेली असताना, गुडघा वळवला की आतून बारीक, सुक्या शेंगेसारखा आवाज येई. त्याला मात्र कारण सुचत नसे.

शेडमध्ये ती गाडी दिवसदिवस चालू असायची म्हणे. चालू आहे हे तिला कधी ऐकू मात्र आलं नाही. पूर्वी भिंतीपलीकडनं ठोकाठोकी, शिव्या, इंजिनाची घरघर असं काहीबाही सारखं यायचं. आता भिंतीला कान लावला तरी गप्प. हौशीराम जेवायला येई तो अंगानं भरत चाललेला, कातडी तुकतुकीत.

"तुमास्नी बरी मानवली गाडी," ती एकदा म्हणाली.

त्यानं घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडं पाहिलं. "असं का म्हणतीस?"

ती सहज बोलली होती. पण घाबरलेला दिसला तो.

४

शेजारच्या सोजराबाई संक्रांतीच्या आधी गेल्या. धुरपदा नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून या बाईनं तिला लेकीसारखं वागवलं होतं. पहिल्या दोन खेपांना पोट गळलं, तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. प्रेत अंगणात ठेवलं होतं, बाया गळ्यात गळा घालून रडत होत्या. धुरपदाही वाकली, हंबरडा फुटला, छाती फुटेस्तोवर हुंदके आले.

डोळ्यांतून काही आलं नाही.

आत कढ येत होता. पापण्या मिटताना खरखरत होत्या, जशी काही डोळ्यांत बारीक वाळू. तिनं पदर डोळ्यांना लावला, काढला. कोरडा. समोरच्या बाईनं तो कोरडा पदर पाहिला. मग तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"आई आई म्हणायची," कुणीतरी मागं हळूच म्हणालं. "आन् एक टिपूस न्हाई."

घरी आल्यावर धुरपदानं कांदा चिरला. एक, दोन, तीन कांदे नाकाशी धरून चिरले. नुसती वाळू.

तेव्हा तिला पहिल्यांदा गाडीचं सुचलं. कुठूनही विचार केला तरी सगळं त्या रंगापासून सुरू झालं होतं. डब्यातल्या रंगात काही विषारी असेल. धुराबरोबर पत्र्याच्या फटीतून घरात येत असेल. हौशीरामला सांगितलं तर काम सुटेल म्हणून तो मनावर घेणार नाही. शेखलाल फिटरला विचारावं, त्यानं तो रंग आयुष्यभर हाताळलाय. नवऱ्याला तिनं "डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन येते" एवढंच सांगितलं आणि सकाळच्या एसटीनं दौंडला गेली.

५

रेल्वेलाइनीच्या अंगाला शेखलालचं बसकं घर होतं. म्हातारा बाजारात गेला होता. त्याची बायको चांदबी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. वय झालेलं, पण केस तेल लावून चोपून बसवलेले, आणि डोळ्यांना सारखं पाणी. ती ते ओढणीनं टिपत होती आणि टिपताना हसत होती.

"ये बाई, बस. कुठल्या गावची?"

"शिरूरची. हौशीराम मेस्त्रीची मी मंडळी. त्या साहेबाच्या गाडीचं विचारायचं हुतं. त्या रंगात काय विषारी असतंय का? म्हंजी, मला आजकाल..."

चांदबीचं हसू थांबलं. तिची नजर धुरपदाच्या टाचांवर गेली, तिथून केसांवर, तिथून डोळ्यांवर. सूप तिनं बाजूला ठेवलं.

"लुगडं मागितलं का त्यानं?"

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी माझी ओढणी मागितली हुती. लगनातली." चांदबी खाली बघून बोलू लागली. "वीस वर्सं माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं. गाडी साहेबाकडं हुती तवा न्हाई, सोपानरावाच्या गोठ्यात पडून हुती तवा न्हाई. माझा सुभान गेला, तरणाताठा पोरगा, तवा बी न्हाई. आन् यंदा दिवाळीच्या आधी एक दिवस पीठ मळत बसले हुते, तर पिठात एक थेंब पडला. मी वर बघितलं. म्हणलं, कौल गळतंय का काय."

ती पुन्हा डोळे टिपू लागली.

"तवाच समजले मी. कुणीतरी दुसरी आली."

धुरपदाला काही कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. "आमचे हे आले हुते हितं. त्यास्नी काय म्हाईत असंल? फिटरमामांनी नुसता उपाय सांगितला असंल..."

"बेटी, तू बसलीस न्हवं, तिथंच बसला हुता तो. माझ्या हातचा चहा घेतला. तवा मी कशी हुते ते बघितलं त्यानं. हात बघितले माझे, पाठीमागनं, पुढनं. आन् मला विचारलं, 'दुखतं का हो?' मी म्हणलं, 'दुखत न्हाई. नुसतं वाळतंय.'"

"मग?"

"म्हणाला, 'मग ठीक हाय.'"

रेल्वेचं इंजिन शंटिंग करत होतं.

"तुम्ही का बोलला न्हाई त्यास्नी? 'असं करू नगंस' म्हणून?" धुरपदा म्हणाली.

चांदबीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "तो उठून दारातनं गेला, तवा हाक मारता आली असती. लांब न्हवता गेला. मी कपबशी विसळत बसले."

डोळ्यांतलं पाणी तिच्या गालांवरून तांदळात पडत होतं आणि ती ते आता टिपत नव्हती.

६

दुपार टळायच्या आत धुरपदा शिरूरला उतरली आणि घरात न जाता थेट शेडमध्ये शिरली.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. हौशीराम वाकून काहीतरी न्याहाळत होता. इंजिन बंद असावं असं तिला वाटलं, पण पुढचा पंखा फिरत होता. जोरात फिरत होता, आणि त्याचा वारा तिच्या तोंडावर येत होता. आवाज कसलाही नव्हता.

"चांदबीला बघून आले मी," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "डोळ्याच्या डाक्टरकडं जायाची हुतीस न्हवं."

"तुम्ही तिला बघितलं हुतं. ती तशी असताना. लुगडं मागायच्या आधी बघितलं हुतं."

"बघितलं हुतं."

एवढा वेळ ती मनात घोकत आली होती की तो नाही म्हणेल. रागावेल, खोटं बोलेल, तिला येडी म्हणेल. नाही म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला असता. दौंडपासून एसटीत ती तेवढ्यासाठीच देवाला हात जोडत आली होती.

"आधी इंजिनात माझा सदरा घातला हुता," तो म्हणाला. "घेतला न्हाई त्यानं. घेतला असता तर मी दिला असता, धुरपे. शपथ."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं की. आपखुशीनं देतीस का म्हणून."

ती पुढं झाली. टॅपेटवरचं झाकण काढून ठेवलेलं होतं. तिनं आत पाहिलं.

तिनं उभ्या आयुष्यात नवऱ्याची कैक इंजिनं उघडी पाहिली होती, त्यामुळं काय दिसायला हवं ते तिला माहीत होतं. काळं तेल, लोखंडाचे दांडे, खालवर नाचणारे. दांडे होते. ओळीनं खालवर होत होते. पण त्यांच्यावरचं तेल काळं नव्हतं, पाण्यासारखं स्वच्छ होतं, आणि प्रत्येक दांडा वर आला की त्याच्यावर त्याची एक पातळ साय सरकून येई आणि मागं जाई. पुन्हा येई, पुन्हा मागं जाई. पापणी लवावी तशी. सगळी ओळ लवत होती. कडांना पाणी साचत होतं आणि त्या कोवळ्या हिरव्या रंगावरून खाली ओघळत होतं. तिची सावली आत पडली, तशी ती सगळी लवायची थांबली.

पंखा फिरतच होता.

धुरपदा मागं सरली ती टूलबॉक्सवर पडली. कोपर फुटलं. रक्त आलं नाही, नुसती कातडी उलली.

हौशीरामनं झाकण उचलून हलक्या हातानं जागेवर ठेवलं. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं. "तुला काय झालंय असं?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरीची काळजी होती, तीच तिला सोसेना. "हिंडतीस, फिरतीस. चांदबी बी वीस वर्सं जगलीच की. मेलीय का ती?"

७

त्याच दिवशी ती माहेरी, केंदूरला निघून गेली. घरात आई साळूबाई आणि धाकटी बहीण कस्तुरा, दोघीच. बाप जाऊन वर्षं झाली होती. शेत भावकीकडं वाट्यानं दिलेलं.

धुरपदानं आईला सगळं सांगितलं. लुगडं, चांदबी, झाकणाखाली पाहिलं ते. साळूबाईनं मधे एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. खोटं म्हणाली नाही, खरंही म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "पड जरा. थकलीस."

कस्तुरा लग्नाची होती, दोनतीन ठिकाणी बोलणी चालली होती. दिवसभर बडबड करणारी पोर ती, पण अक्काचे पाय मांडीवर घेऊन बसली की गप्प होई. रोज लोणी चोळी. लोणी जिरून जाई आणि पाय तसेच कोरडे राहत.

"कुठं जातंय गं समदं?" ती एकदा म्हणाली. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझं घे की अक्का थोडं."

धुरपदा आता खाली बसली की उठताना भिंत धरावी लागे. ओठ चिरले होते. आवाजही बारीक, घासल्यासारखा येऊ लागला होता.

मग एका दुपारी गाडी केंदूरला आली. पोरं ओरडली म्हणून कळलं, एरवी कळलं नसतं. हौशीराम नवा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसला. धुरपदा आतल्या खोलीत होती, बाहेर गेली नाही. त्याचं बोलणं मात्र ऐकू येत होतं. सासूपुढं तो रडला. ढसाढसा, खऱ्या आसवांनी रडला.

"तिला बरी हुऊ द्या, मामी. मी न्यायला न्हाई आलो. माझं काय, मी कसंबी खाईन."

पुढचं बोलणं हळू आवाजात झालं. आईचंही आणि त्याचंही. बराच वेळ. मग पोरं गाडीमागं पळाली, गलका लांब गेला.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा दिसली नाही. "मावशीकडं गेलीय पाबळला," आई म्हणाली. "पाव्हणे बघायला यायचेत तिकडं."

धुरपदाला बरं वाटलं. पोरीचं होत असेल तर होऊ दे.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ती सकाळी जागी झाली ती गालाला ओलं लागलं म्हणून. उशी ओली होती. तिला वाटलं, मांजरानं तांब्या लवंडला. मग दुसरा थेंब नाकावरून ओघळून ओठात आला. खारट होता.

उठून बसली. गुडघा वाजला नाही.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. आई चुलीपुढं होती. तिनं लेकीचे भिजलेले डोळे पाहिले आणि लाकूड आत सारायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"कस्तुरा कुठं हाय?"

"सांगितलं की. पाबळला."

"आई. कस्तुरा कुठं हाय?"

साळूबाईनं फुंकणी उचलली, फुंकली नाही. "जावायाच्या जेवणाचे हाल हुत हुते," ती म्हणाली. "म्हयनाभरच."

८

शिरूरला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. शेड रिकामी होती, गाडी बाहेर नेलेली. घराचं दार ढकललं तर बिजागऱ्या गुपचूप फिरल्या.

कस्तुरा चुलीपाशी बसली होती. अक्काला बघून तिचा चेहरा असा उजळला की धुरपदाला क्षणभर वाटलं, वेळेत आलो आपण.

"अक्का! तुझे डोळे बग की! तुझा आवाज!" ती उठली. उठताना तिनं भिंत धरली.

"ऊठ, चल. आत्ता चल माझ्यासंगं." धुरपदानं तिचं मनगट पकडलं. हाताला वाळकी पाचट लागावी तसं लागलं. "काय दिलंस तू त्यास्नी? काय मागितलं त्यांनी तुझ्याकडं?"

"परकर. आल्या दिवशीच."

"तुला फसवलं गं त्यांनी! तुला म्हाईत न्हाई—"

"म्हाईत हाय," कस्तुरा म्हणाली.

तिनं अक्काला पाटावर बसवलं, आपणही खाली बसली. "दाजींनी समदं सांगितलं. तू कशानं अशी झालीस, आन् कशानं बरी हुशील. मी म्हणलं, माझा घ्या. त्यांनी तवा बी इचारलं, आपखुशीनं देतीस का. मी म्हणलं, व्हय."

"आन् आई?"

कस्तुरानं मान खाली घातली. परकराच्या नाडीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

"आईला काय सांगितलं तुम्ही? स्वयंपाकाला म्हणून आलीस न्हवं?"

"परकर आईनंच बांधून दिला," कस्तुरा म्हणाली. "म्हणाली, दोघी भणी हाया. म्हयना म्हयना वाटून घ्या. म्हंजी कुणालाच जास्त हुणार न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. पाटाखालची फरशी थरथरली, थांबली. धुरपदा आईचं ते गप्प बसून ऐकून घेणं आठवत होती. आपल्यावर विश्वास बसला नाही म्हणून ती कुढत बसली होती. विश्वास बसला होता. शब्द अन् शब्द बसला होता. म्हणूनच तर आईनं हिशेबानं पोरी वाटल्या.

"मी पुढच्या म्हयन्यात येणार न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हाई. आन् तू बी हितं राहायचं न्हाईस."

"बरं," कस्तुरा म्हणाली, लहान पोरीची समजूत काढावी तशी. मग तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. धुरपदाला ती खरखर इतक्या जवळून ऐकू आली. "पर कुठं बी गेले तरी हे असंच राहनार, असं दाजी म्हणले. दुसरी कुणी येईस्तोवर. अक्का, मला लई रडावंसं वाटतंय सकाळपासनं. न्हाई येत."

ती सरकून जवळ आली आणि तिनं डोकं बहिणीच्या मांडीवर ठेवलं. केस वाळल्या गवतासारखे टोचत होते.

"तू रड," ती म्हणाली. "माझ्या वाटचं बी तूच रड."

धुरपदा रडली. तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. डोळ्यांतून धारा लागल्या, गालांवरून, हनुवटीवरून त्या वाळक्या केसांत पडत राहिल्या आणि पडतील तशा जिरत गेल्या. इतक्या महिन्यांच्या वाळूनंतर डोळ्यांना गार वाटत होतं. इतकं गार, इतकं बरं, की ते थांबावं असं तिला वाटेना.